घोंगडीवाल्याचा थोरला भाऊ

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप कारभारीदादास, धाकट्या खंडूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडं सगळं ठीक. सत्यशीलाचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे, त्यामुळे घर नीट चाललंय. हे वाक्य खोडायला हवं होतं. राहू दे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पत्र उचलायला तुझी गरज नाही, मोनिका उचलते. सूनबाई, तूच मोठ्यानं वाच. दादाच्या हातात दिलंस तर तो चष्मा शोधायच्या निमित्तानं उठेल आणि थेट मेंढरांत जाऊन बसेल. आणि जिथं मी ‘हे गाळ’ असं लिहीन तिथं गाळायचं.

मंगळवारी तू दवाखान्याच्या पायऱ्यांवरून माघारी फिरलास, त्याबद्दल या पत्रात चकार शब्द लिहिणार नाही. पत्र सिनेमाबद्दल आहे.

घोंगडीवाल्याचा सातवा भाग आला, दादा. मोनिकाला हे प्रकरण ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्या लहानपणी पिशोरच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागायचा आणि दरवर्षी एकच सिनेमा लागायचा. मेंढपाळाचा पोरगा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. शिकून मोठा होतो आणि गावच्या जमीनदाराला भर कचेरीत उघडा पाडतो. पडद्यावर आपल्यासारखं कुणीतरी पहिल्यांदाच दिसत होतं. एरवी सिनेमात मेंढरं दिसायची ती गाण्यात, आणि मेंढपाळ दिसायचा नाही. मग दुसरा भाग आला, तिसरा आला. चौथ्यात घोंगडी जाऊन चामड्याचं जाकीट आलं. पाचव्यात तो परदेशी बर्फात नाचला. घोंगडीची खरी गरज तिथंच होती. तरी आम्ही जात राहिलो.

आम्ही म्हणजे आमचं घोंगडी मंडळ. आपल्या पिशोरचा बद्रीनाथ विम्याची कामं करतो आणि सिल्लोडचा अतुल औषधाचं दुकान चालवतो. बाकी चार-सहाजण आहेत, सगळ्यांना चष्मे आहेत. नवा भाग लागला की पहिल्या दिवशी खांद्यावर घोंगडी टाकून जायचं, असा आमचा नेम. यंदा मॉलच्या दारातच रखवालदारानं अडवलं. बाहेरचं खाणं आणि पांघरूण आत चालत नाही म्हणाला. बद्रीनाथनं त्याला घोंगडी हे पांघरूण कसं नाही हे समजावून सांगितलं. विमा विकणाऱ्या माणसासमोर रखवालदार किती टिकणार?

सातव्या भागाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो थोडक्यातच बघितला. घोंगडी आता निळी चमकते आणि उडते. घोंगडीवाला तिच्यामागून उडतो. आमचा म्हातारा नट भिंतीवरच्या फोटोत आहे, हार घातलेला. आम्हाला शिकवलं होतं की नायक धीरोदात्त असावा, म्हणजे गंभीर, क्षमाशील, स्वतःची टिमकी न वाजवणारा. हा नायक दर पाच मिनिटांनी स्वतःचं नाव सांगतो. बहुधा त्यालाही खात्री नसावी. मध्यंतरात आम्ही घोंगड्या घेऊन बाहेर पडलो. अतुल म्हणाला, ‘सर, आपण लई वर्षं येड्यासारखं जीव लावला.’ 

पण खरं दुखणं त्याच्या आदल्या आठवड्यातलं. सातव्याच्या निमित्तानं त्यांनी पहिला भाग धुऊनपुसून, पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा दाखवला. अखंड. आणि तो आम्ही बघितला.

तुला आठवत असेल, तंबूवाल्याच्या पेटीतलं मधलं एक रीळ जळालेलं होतं. पडद्यावर पोरगा नदीकाठी मेंढरांत उभा असायचा, आणि पापणी लवायच्या आत तोच पोरगा मिशीसकट कचेरीत बोलत असायचा. मधे काय झालं, तो शिकला कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अख्ख्या तंबूत ओरडा व्हायचा. तंबूवाला म्हणायचा, मधे तो मोठा झाला, त्यात बघण्यासारखं काही नाही.

मग तू आबांबरोबर सिल्लोडच्या बाजाराला गेलास आणि आल्यावर म्हणालास, मी तिथल्या टॉकीजात सगळा पिक्चर बघितला, जळालेल्या रिळासकट.

कातरणीचा दिवस होता. सगळ्यांचे हात लोकरीत गुंतलेले आणि कान मोकळे. आबा एका मेंढीला मांडीखाली दाबून कातर चालवत होते. तू उभा राहून सांगायला लागलास. तुझा तेव्हाचा आवाज मला आजही ऐकू येतो. पोरसवदा, नुकता फुटलेला, तरी पलीकडच्या वावरात पोचणारा. घोंगडीवाल्याला एक थोरला भाऊ असतो, म्हणालास. त्याची शाळा चौथीत सुटलेली. दोघं मेंढरं घेऊन निघतात, वाटेत शाळा लागते. धाकटा खिडकीशी थांबतो. थोरला मागून येतो, त्याच्या हातातली काठी काढून घेतो आणि म्हणतो:

“मेंढरं मी बघतो. तू जा.”

आबांची कातर थांबली. अर्धी कातरलेली मेंढी त्यांच्या मांडीखालून उठून गावभर पळाली, आणि आबांना ते कळलंही नाही.

पुढं जूनमध्ये शाळेच्या भिंतीपाशी तू माझ्या हातातली काठी काढून घेतलीस आणि तेच म्हणालास. मला वाटलं, तू सिनेमातली नक्कल करतोयस. मी हसलो. मागं वळून बघितलं तर आबा उभे होते. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही, आणि आपल्या घरात त्याला होकारच म्हणायचे. तिथून मी पिशोरच्या शाळेत, मग या शहरातल्या वसतिगृहात, आणि तिथं संस्कृतच्या तासाला जागा रिकामी होती म्हणून संस्कृतात. बाकीचं तुला माहीत आहे. ‘पंडित’ म्हणून तू चारचौघांत माझी टिंगल करतोस तेवढं सगळं.

तर त्या दिवशी थिएटरच्या गार अंधारात मी खुर्चीच्या टोकावर बसून होतो. नदीकाठ आला. पोरगा काठी घेऊन उभा राहिला. मी थोरल्या भावाची वाट बघत होतो, दादा.

पूर आला. पोरगा वाहून गेला, एका मोठ्या वाड्याच्या घाटाला लागला. वाड्यातल्या बाईनं त्याच्या दंडावरची जन्मखूण बघितली आणि हंबरडा फोडला. तो जमीनदाराचाच हरवलेला पुतण्या निघाला. त्याला शिकवायला घरी मास्तर आले, जिन्यावर एक गाणं झालं, गाण्यात मिशी फुटली. संपलं रीळ.

बद्रीनाथ माझ्या कानाशी आला. “म्हंजी त्यो आपल्यातला नव्हताच व्हय, सर?”

थोरला भाऊ नव्हता. घोंगडीवाल्याला भाऊच नाही, दादा. कुठल्याच भागात नाही. तो एकुलता एक आहे.

बाहेर आल्यावर अतुल म्हणाला, त्यानं लहानपणी सिल्लोडला बघितला तो असाच होता. आम्ही इतकी वर्षं या सिनेमावर भांडलो, पण ज्याला त्याला वाटायचं की ते रीळ दुसऱ्यालाही ठाऊकच आहे. त्या कातरणीला बद्रीनाथही होता, त्यानं अतुलला तुझं रीळ सांगितलं. तुझ्याइतकं नीट नाही, पण सांगितलं. अतुलनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘यांनी हेच घ्यायला पाहिजे होतं.’

आमच्या संस्कृत मास्तरांच्या धंद्यात जुन्या ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून मूळ पाठ शोधतात. मुळात नसलेला, मागाहून कुणीतरी घुसडलेला भाग सापडला की त्याला प्रक्षिप्त म्हणतात आणि उचलून तळटीपेत टाकतात. प्रक्षिप्त म्हणजे भेसळ, हे मी वर्गात वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. आता कळतंय की फळ्यासमोर उभं राहून ते सांगणारा माणूसच एका प्रक्षिप्तातून आलेला होता. सोमवारी वर्गात मी हा विषय जरा नरमाईनं घेतला. पोरांना वाटलं, सरांची तब्येत बरी नाही.

तू सिल्लोडला सिनेमा खरंच बघितला होतास का? बघितला असशील, तर तो पोरगा आपला नाही हे तुला तेव्हाच कळलं होतं आणि तू ते एकट्यानं पोटात ठेवलंस. नसशील बघितला, तर सगळंच तुझं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. मला दोन्ही चालतं. मंडळ मोडल्यात जमा आहे, बद्रीनाथनं घोंगडी पेटीत टाकली. मला मात्र त्या सहा फसलेल्या भागांचं काही वाटत नाही. त्यांनी मला फसवलं नाही, कारण मी त्यांचा कधी नव्हतोच. मी तुझ्या रिळाचा होतो.

आता पायऱ्यांबद्दल. लिहिणार नाही म्हणालो होतो. संस्कृतवाल्याची प्रतिज्ञा.

डॉक्टरांनी गळ्याची गाठ काढायलाच हवी म्हणून सांगितलं. माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही, असंही सांगितलं. तू उठलास, पायऱ्या उतरलास, आणि जो काही घोगरा आवाज उरलाय त्यात मला विचारलंस, “आवाज गेल्यावर मेंढरं मला वळखतील का रं?” एरवी माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, निदान समास तरी असतो. तेव्हा मी नुसता रिक्षाला हात केला. तू रिक्षात बसलास.

उत्तर आता देतो. मी फोनवर मोनिकाला विचारलं. ती म्हणाली, “मामंजींनी लई दिवस झाले हाक मारलीच नाय. नुसती काठी आपटत्यात.” आणि मेंढरं? “येत्यात की मागं.” म्हणजे तू कधीपासून हाकेशिवायच चालला आहेस, दादा. तुझ्या अजून ध्यानात आलेलं नाही, पण मेंढरांनी ते केव्हाच मान्य केलंय.

मोनिका, पुढचं गाळ.

मला भीती वाटते. आबा गेले तेव्हा मला दादा होता, म्हणून मी नीट रडू शकलो. तुझा आवाज नसलेला तू मला चालेल. तू नसलेला तुझा आवाज माझ्या कानात नुसता राहील आणि मी कुणाला सांगू की तो असा होता? ते रीळ माझ्याशिवाय कुणाला पाठ आहे?

इथून वाच.

तुझी दुसरी अडचण मला न सांगताही माहीत आहे. मक्याची रानं मोकळी झाली, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावतायत, तुझ्या गोकुळला कंपनीतून रजा नाही, मोनिका एकटी किती बघणार. शुक्रवारी माझी शाळा सुटते, दिवाळीची सुटी लागते. शनिवारी सकाळी गोकुळच्या ओळखीची गाडी मला घेऊन पिशोरला येईल. मी उतरेन, तू त्याच गाडीत बसशील. सत्यशीला इथं दवाखान्याच्या दारात उभी असेल आणि तिच्या पुढ्यातून अजून कुणी पायऱ्या उतरून पळालेला नाही. सुटी कमी पडली तर बिनपगारी रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. हेडमास्तरांनी कारण विचारलं, मी ‘मेंढरं’ असं लिहिलं. त्यांनी सही केली. मूळ गाव त्यांचंही खेड्यातलंच आहे.

मेंढरं माझं ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी त्यांच्याशी शुद्ध बोलेन, ती मला ओढ्यात नेतील. मोनिका हसेल. हसू दे.

तू परत आलास की पुढच्या कातरणीला सगळ्यांना बोलवू, बद्रीनाथला, अतुललाही. ते रीळ मी सांगेन. तू नुसता बस समोर, आणि कुठं चुकलो तर काठी आपट.

शनिवारी दारात ये. काठी माझ्या हातात दे.

मेंढरं मी बघतो. तू जा.

तुझ्या रिळातला धाकटा,
खंडू