रिकाम्या नळीचा गुण

२ मार्च, सोमवार

काहीच नाही! सूज आणलेल्या पेशींवर औषधी पाल्याचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क घातला, पेशी ढिम्म. वर्षभर हाच अर्क ती सूज निम्म्यावर आणत होता. माझंच काहीतरी चुकलं असणार.

३ मार्च

पुन्हा तेच. फरक एकच सापडतोय — प्लास्टिकच्या नळ्या संपल्या म्हणून या खेपेला अर्क रात्रभर काचेच्या बाटलीत ठेवला होता. पण त्यानं काय होणार?

५ मार्च

नळ्या आल्या. एकीत अर्क भरून ठेवला, दुसरीत नुसतं अल्कोहोल. पाला नाहीच.

६ मार्च

नुसत्या अल्कोहोलनं सूज उतरली. अर्काइतकीच!

म्हणजे गुण पाल्याचा नाही, नळीचा. प्लास्टिकमधून काहीतरी अल्कोहोलमध्ये उतरतंय. तुलनेसाठीचं कोरं अल्कोहोल मी नेहमी काचेतून ताजं ओतायचे. ते त्या नळीत एकदाही रात्रभर ठेवलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच बजावते मी! आणि नळ्या आणल्या त्याही मीच, बाटल्या धुणाऱ्या मावशींची कटकट नको म्हणून.

सर म्हणाले, "पेपर पाठवून झालाय. आता कशाला उकरतेस?"

पेपरचं बघू. खरी धास्ती वेगळीच आहे. हे आजवर कुठेच लिहिलं नाही — नोव्हेंबरपासून दर रविवारी त्या पाल्याचा डबा ताईला नेऊन देते. सांधेदुखीनं बोटं वाकडी झालीत तिची. प्रयोगशाळेतलं काही घरी न्यायचं नाही, हा नियम मला पाठ आहे. तरी नेला. वर "काढा करून घे, दोन वेळा" असं सांगितलंही. जशी काही मी डॉक्टर!

८ मार्च, रविवार

डबा न घेता गेले, सगळं सांगायचं ठरवून. ताईनं दारातच माझा हात धरला — तिचा हात छान गरम, दर रविवारी असतो तसा. मग मूठ वळून दाखवली. "बघ, कशी वळतेय! आणि रागावू नकोस, पण गोळ्या निम्म्या केल्यात मी. तुझा पाला आहे ना."

चहा प्यायले आणि परत आले. भित्री.

९ मार्च

शंका हिवाळ्यातच यायला हवी होती. आकडे फारच गोड येत होते. पण त्याच आठवड्यात ताईनं स्वतः बटण लावल्याचं सांगितलं. ताईला बरं वाटतंय म्हटल्यावर नळ्या कोण तपासतंय!

ती गोळ्या अशाच कमी करत गेली तर उरलेली बोटंही जातील. माझ्यामुळे.

११ मार्च

मावशी म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, काचच बरी." साफ खोटं! एकेक बाटली फोडून टाकते म्हणाल्या होत्या. खूप हसले. मग बेसिनचा नळ सोडून रडले.

१४ मार्च

पेपर मागे घेतल्याचं पत्र संपादकांना धाडलं. सर बोलत नाहीयेत. न बोलोत.

ताईचा फोन आला होता, फोनवर सांगवेना. उद्या तोंडावरच सांगणार. तासभर आधीच जाते, नाहीतर पुन्हा धीर सुटायचा.

१५ मार्च

ताई ओट्याशी उभी, दोन्ही हात गरम पाण्याच्या पातेल्यात. बोटं वळतच नव्हती. "आज लवकर कशी गं?"

सगळं सांगितलं. ती कपाटाकडे बघून म्हणाली, "उघड ते." गोळ्या पूर्ण घेतेय, एकही चुकवली नाही. "कडूजहर होता गं तो पाला. पण तू इतक्या आशेनं यायचीस..."

आत सोळा डबे. एकातला चमचाभर कमी.