वाळवणखात्याच्या लाइनीवरचा वॉल्व्ह

ता. ९ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊजींना वहिनीचा नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईंचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र पूर्वीसारखीच खणखणीत आहे. चार वर्षांत तुम्ही घरी पाऊल टाकलं नाहीत, तरी पत्र उघडाल असं धरून चालते.

कारखान्यात वाफबचतीचं काम निघालंय. बॉयलर जेवढी वाफ करतो तेवढी यंत्रांपर्यंत पोचत नाही. ती कुठे जाते हे शोधायला बाहेरून एक इंजिनियर पोरगी आली, आणि स्टोअरमधून मला तिच्या मदतीला दिलं. ह्यांची पुस्तकं वाचून मला त्यातलं थोडंफार कळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याकडे कानाला लावायचं यंत्र, माझ्याकडे लांब स्क्रूड्रायव्हर. टोक ट्रॅपवर, मूठ कानाला. पाइपातलं पाणी बाहेर सोडून वाफ आत ठेवणं एवढंच ट्रॅपचं काम. धड असला तर थांबून थांबून थुंकतो, बिघडला की एकसारखा फुसफुसतो.

“काकू, हे कुठे शिकलात?”

“नवऱ्याकडून. घरी माझं ऐकायचे तेही असंच, लांबून.”

खूप हसली. एकशेबारा ट्रॅपांपैकी एकतीस वाफ ओकत होते, त्यांवर मी खडूने फुल्या मारल्या. ट्रॅपांतून निघालेलं गरम पाणी गटारात जातं आणि बॉयलरला थंड पाणी भरतात. भरलं ताट ओतून पुन्हा चूल पेटवण्यातला प्रकार. आता ते पाणी परत बॉयलरकडे वळवणार आहेत.

गुरुवारी वाळवणखात्याच्या जुन्या लाइनीपाशी पोचलो. चार वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर ती बंदच आहे, आता काढून टाकणार. पोरीने वर पाहिलं. “काकू, या ट्रॅपच्या आधीचा वॉल्व्ह बंद कसा? मग पाणी निघणार कुठून?” वॉल्व्हच्या चाकाला तांब्याच्या तारेचे तीन वेढे होते. अशी तार ह्यांच्याखेरीज कोणी बांधत नसे.

तिला नवल वाटलं. मला वाटलं नाही.

भाऊजी, अपघाताच्या आधीच्या शनिवारी जेवताना हे म्हणाले होते, “तो ट्रॅप वाफ ओकत होता, बंद करून आलो. सोमवारी लाइन उघडायच्या आधी धाकट्याला सांगायला हवं.” सोमवारी बॉयलरवर पाण्याच्या पंपाने त्रास दिला आणि सांगायचं राहिलं. तुम्ही रोजच्या वेळेला, रोजच्यासारखीच हळू लाइन उघडलीत. आत पाणी साचलेलं. वाफेने ते ढकललं आणि जोड फुटला. हे त्याच जोडाखाली होते. “धाकट्याला सांगायचं राहिलं” असं ओरडत ते बॉयलरवरून तुमच्याकडे धावत सुटले होते, हे बॉयलरवरच्या फायरमनने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं.

चौकशीत लिहिलं गेलं, फिटरने, म्हणजे तुम्ही, घाईने लाइन उघडली. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, मला काही माहीत नाही. माझा माणूस स्वतःच्या हाताने गेला असं कोणी म्हणू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. ते जपायला मी तुमचं नाव वापरलं. तुम्ही नोकरी सोडलीत, गाव सोडलंत, तरी मी बोलले नाही.

शुक्रवारी मी हे सगळं लिहून मॅनेजरांकडे सहीनिशी दिलं. फायरमनही सही करायला तयार आहे. चौकशीचा कागद बदलणार आहेत. त्याची नक्कल तुम्हाला पाठवायचं कबूल केलंय, वेगळी येईल.

रात्रीची वाट न बघता आईंना त्याच दुपारी सांगितलं. त्या म्हणाल्या, “दोघंही माझेच होते गं. एक गेला तो गेला, दुसरा का घालवलास?” तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात.

आणखी एक, आणि हे आईंनाही अजून सांगायचंय. तेराव्यानंतर ‘आईंना तुमचं तोंड बघायचं नाही’ असा निरोप तुम्हाला मिळाला. आईंनी तो दिला नव्हता. तो माझा होता.

तुमची म्हणवून घ्यावं की नाही, हे तुम्हीच ठरवा,

वहिनी