कॉम्प्युटरातली पूजा

१८ ऑगस्ट, सोम.
मिलिंद सकाळपासून ह्यांच्या कॉम्प्युटरला चिकटलाय. जुनी विंडोज बंद होणार म्हणे, नवी घालायची. म्हटलं, गणपती तोंडावर आलेत, चालतंय ते कशाला उचकतोस? "आई, यार, व्हायरस येईल." येऊ दे. त्यालाही चहा करू.
म्हटलं, आधी ह्यांची पूजा काढून ठेव. फरीदाबादेत भटजी मिळेना म्हणून ह्यांनी आपल्या आवाजात पूजा भरून ठेवलेली. हे गेल्यापासून दर गणेशचतुर्थीला तीच लावतो. "सगळं कॉपी केलंय. बिल्कुल टेन्शन नको."

१९, मंगळ.
नवी घातली. पडद्यावर निळं काहीतरी, फूल म्हणे. मला कोबी वाटला. बटणं कोपऱ्यातून उठून मधोमध बसलीत, जावयासारखी. पूजा लाव म्हटलं. उद्या म्हणाला.

२१, गुरु.
पूजा नाही. मिलिंदनं स्वतःच्या नावाखालचं तेवढं कॉपी केलं. ह्यांचं खातं वेगळं, पासवर्डाचं. ते पुसलं गेलं. म्हटलं, बापाला सोडून सगळं वाचवलंस. तो जेवला नाही. मीही आग्रह केला नाही.

२२, शुक्र.
सूनबाई म्हणते, "आई, फोनवर ढीगभर पूजा आहेत." लावून पाहिली. तो भटजी धावतच असतो. आपण फूल उचलावं तर हा नैवेद्यावर. हे थांबायचे. मधेच मला हाक, "अगं, दूर्वा?" दरवर्षी मी म्हणते, समोर बघा.
झोप नीट नाही.

२३, शनि.
कॉम्प्युटरचा डबा घेऊन नेहरू प्लेसला, दिल्लीच्या कॉम्प्युटर बाजारात. मीही गेले, मिलिंदचा भरवसा नाही. दुकानदार म्हणाला, "माताजी, ऊपर नया लिख गया है. जो बचा होगा, निकाल दूँगा." मी विचारलं, आवाज़? "टुकड़ों में, शायद."

२६, मंगळ.
मूर्ती आली. पेन ड्राइव्हपण. फायलींची नावं गेलीत, नुसते आकडे. एकेक लावत बसलो. एकीत कुणाच्या तरी लग्नातला बँड. एकीत मिलिंदची शाळेतली कविता. मग हे. "हॅलो, येतंय का?" मिलिंद ताठ बसला. घंटा. आचमन. "आता आपलं नाव, गोत्र म्हणा..." तिथंच तुटलं.
मिलिंद माझ्याकडे बघतोय. दरवर्षी बापामागून म्हणायचा, स्वतःचं गोत्र पाठच नाही! सांगितलं. "लिहून दे ना." म्हटलं, तोंडानं म्हण. सारखा अडतो.
अजून पुष्कळ आकडे ऐकायचेत. उद्या सकाळी बसवायचेत गणपती.
"पुढची लावू?"
आधी गोत्र म्हण.