सात नंबरच्या घरातली हवा

५ जून
आले एकदाची! ॲरिझोनाच्या या वाळवंटात पारा एकशे दहा फॅरनहाइटवर, पण घर झकास आहे. कधीकाळी चाकांवरून आणून उभं केलेलं, लांबट, पत्र्याचं. एसी अख्ख्या घराला एकच. जमिनीतल्या जाळ्यांतून गार वारा येतो. चपला काढून किती तरी वेळ नुसती उभी राहिले. नवऱ्याला, लॉयलला, जाऊन तीन महिने झाले. तो असता तर ओरडला असता, "व्हर्ना, सामान काय मी एकट्यानंच उतरवायचं?"
उद्यापासून वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात रुजू.

९ जून
शेजारचे ओडेल मक्याचा पाव घेऊन आले. पंचाहत्तरीचे, जन्मभर एसी दुरुस्त केले. म्हणाले, "पहिलाच उन्हाळा ना तुमचा? इथं जुलैत सैतानसुद्धा सावली शोधत हिंडतो." मग कान देऊन म्हणाले, "तुमचं मशीन धापा टाकतंय, बाई." जाळीमागचा फिल्टर बदलला. जुना काळाकुट्ट होता.

१४ जून
रोज डोकं दुखतं. कामावर गेलं की उतरतं, घरी आलं की पुन्हा सुरू. घरमालक क्रील फोनवर म्हणाला, नवरा गेलेल्या बायकांचं असंच होतं, मन रमवा. त्याचा माणूस आला, बाहेरचं युनिट धुतलं, "गार हवा येतेय ना? मग झालं," म्हणून गेला.
क्रीलचं खरंही असेल. लॉयलसाठी हल्ली रडूही येत नाही.

१७ जून
सुट्टी. ओडेलनी बोळातलं कपाट उघडलं. आत एसीचं मशीन आणि त्याला खेटून पाणी तापवायचा गॅसचा बंब. बंबाच्या धुराड्यापाशी त्यांनी नुकतीच विझवलेली काडी धरली. एसी बंद असताना धूर वर गेला. एसी लावला, तसा तो वाकला आणि खाली मशीनमध्ये शिरला.
ते म्हणाले, वर जायचा विषारी धूर हे मशीन खाली ओढतंय आणि घरभर वाटतंय. त्याला वास नसतो. माणूस झोपतो आणि उठतच नाही. त्यांनी बंबाची चावी बंद केली. क्रीलला मीच कळवलं.
मला भीती वाटायला हवी होती.

१८ जून
डोकं दुखलं नाही. ओडेल मुलाकडे गेलेत, सोमवारी येतील. येताना विषारी वायूची सूचना देणारी घंटा आणणार आहेत.

१९ जून
कामावरून आले तर फ्रिजवर क्रीलची चिठ्ठी: बंब सुरू केला आहे, भाडेकरूंनी कपाटाला हात लावू नये. कपाटाला कुलूप. त्याला फोन केला. उचलत नाही.

२० जून
एसी बंद केला, खिडक्या उघडल्या. बाहेर एकशे सतरा. तासाभरात भिंतींना हात लाववेना. डोळ्यांपुढे अंधारी आली, बाथरूममध्ये पडले. एसी लावला.
फक्त दहा मिनिटं, असं ठरवलं होतं. जागी झाले तेव्हा साडेचार वाजले होते.

२१ जून
मुलीचा, रोवीनाचा फोन. तेच तेच तीनदा सांगतेस, म्हणाली. "आई, आत्ताच्या आत्ता बाहेर पड. हॉटेलात जा. जातेस ना?" हो म्हटलं. पिशवी काढली. पिशवीत काय घालायचं ते —
खुर्चीत बसले.
ती रडत होती वाटतं. मी ऐकत होते, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं.

२२ जून
आज कामावर — नाही गेले. फोन वाजला. वाजू दिला.
डोकं दुखत नाही. हे बरं की वाईट, ओडेलनी सांगितलं होतं. काय ते —
पिशवी दारापाशी आहे. दार सहा पावलांवर. मोजली बसल्या बसल्या.

दुपार
दारावर थापा. ओडेल. "व्हर्नाबाई, आत आहात का? दार उघडा! नाही तर फोडतो बघा!"
आले, म्हटलं.
पुन्हा हाक मारतायत. म्हणजे मी म्हटलं नसावं. आता उठ