दारातली हलगी

वाडी, ता. शिरूर अनंतपाळ
१२ जून २०२५

ती. मल्लिनाथदादास,
शि. सा. न.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहिते. आपल्या वाडीला पाण्याच्या टाकीचं अनुदान न्हाई मिळालं. कमी उत्पन्नाच्या गावांना बाकीच्यांच्या बरोबरीला आणायला सरकार ते देतं, आणि आपण म्हणे श्रीमंत! मी सरपंच झाल्या झाल्या वर्षानुवर्षांची थकलेली घरपट्टी वसूल केली ना, त्यानं गावाचं उत्पन्न एकदम फुगलेलं दिसलं. पलीकडच्या गावच्या सरपंच भुजंगरावांनी कुणाला पट्टी मागितली न्हाई, टाकी त्यांना. आता आपल्या बाया त्यांच्याच नळावर घागरी घेऊन जाऊन राहिल्या.

सगळी वसुली करणाऱ्या सरपंचाचा तालुक्याला शाल-नारळ देऊन सत्कार करतात, त्याला भुलले मी. थकबाकी होती म्हणून सुभद्राबाईच्या दारात हलगी वाजवायला लावली रे, साऱ्या गल्लीदेखत. बिचारीनं दुभती शेळी विकून पट्टी भरली. यंदा कुणाला मागायचंच न्हाई, असं ठरवलंय.

वहिनींना नमस्कार. रागव, पण माया तुटू देऊ नको.

तुझी,
बबिता


नांदेड
१९ जून २०२५

चि. सौ. बबितास,
अ. उ. आ.

सत्काराची शाल जूनमध्ये लई ऊब देत असेल, न्हाई का सरपंचबाई? गंमत केली, रडू नको.

ज्याच्या ताटात कमी, त्याला जास्त वाढावं, हा नियम काही वाईट न्हाई. पण वरचे साहेब नुसतं ताट बघतात, ते कुणाच्या तोंडचा घास काढून भरलं ते त्यांना दिसत न्हाई. तरी पट्टी थांबवू नको, गावातले दिवे त्यावरच जळतात. ती थकबाकी एकदाच आली, दरसालचं उत्पन्न न्हाई, असा अर्ज कर. आणि आधी सुभद्राबाईकडं जा.

लहानपणीसारखाच लोभ आहे, तो राहील.

तुझा दादा,
मल्लिनाथ


वाडी
२७ जून २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

अर्ज दिला. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

काल सुभद्राबाईकडं गेले. एकटीच गेले, माफी मागायला. मला गल्लीच्या तोंडाशी बघितलं आणि ती लगबगीनं बाहेर आली. पदराची गाठ सोडून यंदाची पट्टी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, माय, पैसे मी आधीच जमवून ठेवलेत, हलगीवाल्याला तेवढं मागं फिरव.

माझ्या मागं कुणीच नव्हतं, दादा. तरी ती वाकून वाकून गल्लीत बघत होती.

या बहिणीवरचा जीव कमी करू नको.

तुझी,
बबिता