छत्रीराव मी नव्हे

ता. १३ ऑगस्ट १९०८, गुरुवार
धारहून निघणाऱ्या 'माळवा-रंजन' साप्ताहिकात आज चार चित्रांची एक गोष्ट आली आहे. नायक इन्स्पेक्टर छत्रीराव. पोट पुढे, मिशा वर, बगलेत छत्री. रस्त्याच्या मध्यावर म्हैस बसली आहे. छत्रीराव छत्रीच्या टोकाने तिचे मुंडके पलीकडच्या राज्यात ढकलतो आणि म्हणतो, आता ही तुमची. सौ. सावित्रीने चित्र पाहिले, मग मला पाहिले आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

छत्रीराव मी नव्हे. चित्रातल्या छत्रीची एक काडी मोडलेली आहे. माझ्या छत्रीच्या दोन.

ता. १४
धारच्या लोकांना काय कळणार? आमच्या देवासात एका गावात दोन राज्ये. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. इकडे सफाई आणि दिवाबत्तीचा इन्स्पेक्टर मी, तिकडे हंबीरराव. जनावर शिवेवर बसले तर जिकडे मुंडके तिकडे जबाबदारी, असा आमचा दोघांचा ठराव आहे. म्हैस बेवारशी होती. मी मुंडके किंचित वळवून घेतले. याला ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात. हंबीररावाने मुकाट्याने ती नेऊन आपल्या अंगणात बांधली. आता दूध देते म्हणे. देऊ दे.

खरी काळजी वेगळीच. दसऱ्याच्या दरबारात मला मानाचा पोशाख मिळायचा आहे. दिवाणसाहेब तसे बोलले आहेत. पण ज्याला गाव हसते त्याला दरबार पोशाख देत नाही.

ठरले. छत्रीरावाशी जे काही साम्य असेल (नाहीच) ते समूळ नष्ट करायचे.

ता. २०, सकाळ
मिशा उतरवल्या. न्हावी वस्तरा हातात धरून दोनदा विचारत होता, घरात कोणी गेले का.

संध्याकाळ
आमचा दिवे लावणारा फत्तेसिंग समाचाराला येऊन गेला. घरात सगळी मंडळी धडधाकट आहेत हे कळल्यावर जरा खट्टू झाला.

ता. २७
नवा अंक. छत्रीराव आपल्या कंदिलाचा उजेड पलीकडे सांडू नये म्हणून छत्री आडवी धरतो. धादांत खोटे. मी घोंगडी धरली होती. धारला जाऊन एडिटरला लायबेल म्हणजे बदनामीचा खटला काय असतो ते दाखवतोच.

ता. ३ सप्टेंबर, धार
टांग्यात हाडे खिळखिळी झाली. पण मोहीम फत्ते. एडिटर उमाशंकर नावाचा किडकिडीत इसम आहे. मी तासभर कायद्यावर बोललो. घाबरला असावा, कारण सारखा खाली पाहून खोकत होता. शेवटी म्हणाला, खुलासा छापतो, पण छत्रीराव आपण नव्हे तर मग कोण, असे वाचक विचारतील. मी तिथल्या तिथे सांगून टाकले, "धाकट्या पातीत पाहा. हंबीरराव."

एका दगडात दोन पक्षी. परतीच्या टांग्यात झोप उत्तम लागली.

ता. १० सप्टेंबर
खुलासा आला, नावानिशी. विजय! आता हंबीरराव तोंड कुठे लपवतो ते पाहायचे.

ता. ११
तोंड लपवलेले नाही. नवी छत्री घेऊन बाजारात उभा आहे. लोक "छत्रीराव, राम राम" म्हणतात, हा नमस्कार करतो. हलवाई त्याच्याकडून जिलबीचे पैसे घेत नाही. मी गेलो तेव्हा घेतले.

ता. १७
नव्या चित्रात छत्रीराव हुबेहूब हंबीरराव दिसतो. मिशासुद्धा त्याच्याच. सौ. म्हणाली, पहिलाच बरा होता. असो. पोशाख तर आपलाच आहे.

दसरा, संध्याकाळ
दरबार झाला. पलीकडे हंबीररावाला पोशाख मिळाला. त्यांच्या दिवाणांनी म्हणे भर दरबारात "या, छत्रीराव" म्हटले. आमच्या दिवाणसाहेबांनी माझे नाव पुकारले, मी पुढे झालो, तर शेजारच्याला विचारतात, "हे गृहस्थ कोण?" मी सांगितले, मीच तो. ते म्हणाले, त्याला मिशा आहेत. पोशाख परत जामदारखान्यात गेला. मला फार लागले. पण चेहरा ताठ ठेवला. ठेवायला चेहराच उरला होता.

ता. ८ ऑक्टोबर
मिशा अजून अर्ध्याच आल्या आहेत. काजळाने पुऱ्या केल्या. जुनी छत्री उघडून भर दुपारी रस्त्याच्या मध्यावर उभा राहिलो. मूळ पुरुष कोण हे एकदा प्रजेला कळलेच पाहिजे. पोटही पुढे काढले होते. कोणी हसले नाही. बराच वेळ गेल्यावर फत्तेसिंग जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "साब, हंबीररावजी की नकल मत करो. अच्छो नी लागे."

घरी आलो. ताटाशेजारी हंबीररावाकडचे पेढे होते, पोशाख मिळाल्याचे. त्या म्हशीच्या दुधाचे. एक खाल्ला. मग दुसरा. चांगले झाले आहेत.

सत्य कुठे तरी नोंदलेले असावे म्हणून लिहून ठेवतो. म्हैस आमची होती. मी वळवण्यापूर्वी तिचे मुंडके थोरल्या पातीतच होते.