फोटोला घातलेल्या हाराविषयी

सोलापूर, मंगळवार

तीर्थरूप सिद्धलिंगप्पाकाकांच्या चरणी पुतणी रुपालीचा साष्टांग नमस्कार.

तब्येत कशी आहे? (हे रीत म्हणून विचारत नाही. गेल्या आठवड्यात तुमच्याबद्दल मला इतक्या जणांनी विचारलंय, की एकदा तुमच्याच हातचं उत्तर पाहिजे.) काकूंच्या गुडघ्यांना आराम असेल. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून हे पोस्टाचं पाकीट. फाडायचं तर खुशाल फाडा, पण वाचून फाडा.

रावजी जीपवाल्याबरोबर तुम्ही निरोप धाडलात, की दोन दिवसांत तो पिक्चर इंटरनेटवरून काढ, नाहीतर तुझं तोंड बघणार नाही. काका, मी तो काढणार नाही. शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात सहा दिवस कॉलरी लावायच्या आणि रविवारी मोबाईलवर पिक्चर काढायचा, हा माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे. आधीचे तीन मिळून दोनशे अकरा वेळा बघितले गेले (त्यात साठेक वेळा मीच). चौथ्यात नायिकेचे वडील वारलेले असतात, म्हणजे भिंतीवर हार घातलेला फोटो पाहिजेच. अप्पांचा लावला असता तर आईनं मला माहेरची पायरी चढू दिली नसती, आणि सासऱ्यांचा लावला असता तर सासरची. मग माहेरच्या कपाटामागं पडलेला तुमचा कोटातला फोटो आठवला. (तो तिथं कसा गेला ते मी सांगायला नको. माझ्या लग्नात अप्पांनी व्याह्यांना पूर्ण पोशाख केला आणि सख्ख्या भावाला नुसती टॉवेल-टोपी. तुम्ही न जेवता उठलात, त्याला सहा वर्षं झाली. टॉवेल विणणाऱ्या गावात टॉवेलावरून भावाभावांचा अबोला!)

पुढं चूक झाली ती एवढीच. पिक्चर टाकताना वर दाखवायला एक चित्र निवडावं लागतं. माझा हात थरथरतो, त्यामुळं चौदा मिनिटांत एकच चित्र स्पष्ट आलं होतं, तुमच्या फोटोचं. बाकी सगळे हालत होते. तेच लावलं. पिक्चरचं नाव ‘बाबा, परत या’. आता हार घातलेला फोटो आणि खाली हे नाव म्हटल्यावर पिक्चर उघडतंय कोण? लोकांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिहून पुढं ढकलला. तेवीस हजार जणांपर्यंत गेला, शेवटपर्यंत बघितला एकोणीस जणांनी. तुम्ही कट्ट्यावर चहा पीत बसलेले असताना वळसंगचे पाहुणे रडत रडत दारात आले आणि त्यांना तुम्हालाच पाणी द्यावं लागलं, हे ऐकून लई वाईट वाटलं. माझं चुकलं, हजारदा चुकलं.

तरी काढणार नाही. कारण सांगते. शेजारच्या गौसभाईंनी भल्या मनानं तो फोटो अप्पांना दाखवला. मी कारखान्यात, आई बाजारात. अप्पा होते तसे उठले, अंगात बनियन, पायात चप्पल नाही, आणि तुमच्याकडं यायला थेट अक्कलकोटच्या गाडीत जाऊन बसले. फोन घरीच. गौसभाईंनी कळवल्यावर आमच्या ह्यांनी मोटारसायकलवरून पाठलाग करून वळसंगला गाडी थांबवली आणि काका धडधाकट आहेत म्हणून सांगितलं. अप्पांनी तीनदा विचारलं, खरंच का? मग खाली उतरले, रस्ता ओलांडला आणि सोलापूरच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. ह्यांनी किती सांगितलं, आता अर्ध्यात आलाय तर भेटून या. ऐकलं नाही.

तेव्हापासून अर्ध्या भाकरीवर उठतात. काल आईनं खोदून विचारलं तर म्हणाले, “मेला असता तर मी जाणारच होतो. जिता हाय, तर त्यानं यावं की.”

आपली (अजून तरी) पुतणी,
रुपाली

ता. क. : ‘बाबा, परत या’चा दुसरा भाग काढतेय. त्यात वडील गेलेलेच नसतात, लोकांचा गैरसमज झालेला असतो. शूटिंग येत्या रविवारी सकाळी दहाला, अप्पांच्या घरी. तुम्हाला एकच काम आहे. दारातून आत यायचं आणि अप्पांच्या शेजारी बसायचं. बोलायचं काही नाही. तेवढं झालं की पहिला भाग तुमच्यासमोर काढून टाकते.

आणखी एक : अप्पांना शूटिंगचं काही सांगितलेलं नाही. मोबाईलही मी पिशवीतून बाहेर काढणार नाही.